पक्षाघातानंतरचं गिळणं: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

पक्षाघात झाला की घरच्यांचं लक्ष हातापायाकडे असतं. वाचा गेली तर तेही लगेच कळतं. गिळणं बिघडलंय हे मात्र पहिला ठसका लागेपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही. खरं तर पहिल्या काही दिवसांत साधारण निम्म्या रुग्णांना हा त्रास असतो. बऱ्याच जणांचा दोन-तीन आठवड्यांत ओसरतो, काहींचा महिनोन्महिने रेंगाळतो.

बीएएसएलपी, म्हणजे श्रवण आणि वाचा-उपचाराची पदवी, बारावी विज्ञाननंतर इंटर्नशिपसह चार वर्षांची, मग आरसीआयची (भारतीय पुनर्वसन परिषदेची) नोंदणी. शिकताना आपला बराच वेळ श्रवण आणि वाचा यांतच जातो. इस्पितळात रुजू झालात की न्यूरोच्या वॉर्डातून निरोप येतो, "राईल्स ट्यूब काढायची का, बघून सांगा." म्हणजे नाकातून पोटात घातलेली अन्नाची नळी. तिथून खरं शिक्षण सुरू होतं.

नवी मुलं आल्या आल्या व्यायाम विचारतात. मी त्यांना आधी नुसतं बघायला लावते. रुग्ण पुरता जागा आहे का? बसवल्यावर मान धरतो का? तोंडात कालचा भात चिकटलेला आहे का? कवळी नीट बसते का? हाक मारल्यावर आवाज स्वच्छ येतो, की घशात पाणी साचल्यासारखा? तोंड अस्वच्छ असेल तर आधी दात आणि जीभ साफ करा, कारण लाळेबरोबर तोंडातले जंतू फुप्फुसात उतरले की न्यूमोनिया होतो. मग कंठावर बोटं ठेवून थुंकी गिळायला सांगा आणि स्वरयंत्र वर सरकतंय का ते चाचपा. घशाला चमचा लावून उबळ येते का हे बघून निर्णय देणारे डॉक्टर अजून भेटतात. त्या उबळीवरून गिळणं सुरक्षित आहे की नाही हे ठरत नाही, हे त्यांना नम्रपणे पण ठामपणे सांगायला शिका.

सगळ्यात जास्त वाद होतो तो पाण्यावरून. "जेवण नको तर नको, पण साधं पाणी द्यायला काय हरकत आहे?" हा प्रश्न प्रत्येक घर विचारतं, आणि तहानलेल्या माणसाला पाणी नाकारणं आपल्याकडे कुणाच्याही जिवावर येतं. पण पाणी भरकन घशात पोचतं, आणि स्वरयंत्र मिटायला उशीर झाला तर थेट श्वासनलिकेत जातं. काहींना अन्न-पाणी फुप्फुसाकडे गेल्यावरही ठसका येत नाही. म्हणून संशय असला तर फीस (नाकातून बारीक कॅमेरा घालून गिळणं बघणं) किंवा बेरियमची व्हिडिओफ्लुरोस्कोपी (बेरियम मिसळलेला घास गिळतानाचा एक्स-रे व्हिडिओ) करून घ्यायचा आग्रह धरा. सोय नसेल तर वरिष्ठांना विचारा, अंदाजावर नळी काढू नका.

पाणी घट्ट करून द्यायचं तर किती घट्ट, हे मोजता येतं. आयडीडीएसआय या अन्न-पाण्याच्या घट्टपणाच्या आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीत 10 मिलीची सिरिंज भरून 10 सेकंद वाहू द्यायची आणि किती उरलं ते पाहायचं. 4 ते 8 मिली उरलं तर घट्टपणाची दुसरी पातळी. सिरिंज मात्र त्यांनी सांगितलेल्या मापाचीच हवी. स्टार्चची पावडर वापरत असाल तर उष्टा चमचा पेल्यात राहू देऊ नका, लाळेने ते पुन्हा पातळ होतं. शिवाय घट्ट पाणी कुणाला आवडत नाही, माणूस कमी पितो, म्हणून लघवीवर लक्ष ठेवा.

स्वयंपाकघर तर वेगळाच अभ्यास आहे. इस्पितळाच्या 'सॉफ्ट डाएट'मध्ये पातळ वरणात मोकळा भात येतो. पातळ पुढे पळतं, शितं मागे राहतात, आणि या रुग्णांना नेमकं तेच जमत नाही. चहात बुडवलेल्या बिस्किटाचंही तसंच. त्यापेक्षा गाळलेली घट्ट पेज, गुठळी नसलेली नाचणीची लापशी किंवा एकजीव घोटलेली खिचडी बरी.

व्यायामांबद्दल एवढंच, की ते माणूस बघून ठरतात. मेंडेलसन, म्हणजे गिळताना वर गेलेलं स्वरयंत्र काही क्षण तसंच धरून ठेवणं, शिकवायला समोरच्याला आपलं बोलणं कळावं लागतं, अफेझिया (मेंदूच्या इजेमुळे भाषा समजणं-बोलणं बिघडणं) असेल तर अवघड जातं. शेकर व्यायामात उताणं झोपून डोकं उचलायचं असतं. मानेचा त्रास असलेल्याला तो देऊ नका. घशाची एक बाजू लुळी असेल तर त्या बाजूला मान वळवून गिळल्याने घास चांगल्या बाजूने उतरतो. हनुवटी खाली घेणं सरसकट सगळ्यांना सांगतात, पण ते प्रत्येकाला लागू पडत नाही.

घरी सोडताना भरवणारी व्यक्ती कोण, हे आधी विचारा. बहुतेक वेळा सूनबाई किंवा दिवसपाळीची मावशी असते, आणि सूचना मात्र मुलाला दिलेल्या असतात. भरवणारीच्या हातून आपल्यासमोर चार घास भरवून घ्या. ताठ बसवून, लहान चमचा, टीव्ही बंद, पहिला घास उतरल्याशिवाय दुसरा नाही, शेवटी लुळ्या बाजूच्या गालात बोट फिरवून काही उरलंय का ते पाहणं, आणि नंतर अर्धा तास आडवं न करणं. हे सगळं मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून द्या. त्याच कागदावर हेही घाला, की ताप आला, छाती घरघरली किंवा जेवताना आवाज ओला झाला तर तोंडाने देणं थांबवायचं आणि त्याच दिवशी दाखवायला आणायचं.