सब दबका वाजतो? काही उघडायच्या आधीची तयारी

गाडीतला सब (सबवूफर, म्हणजे खालचा बास वाजवणारा मोठा स्पीकर) चांगला, ॲम्प चांगला, पेटी मापातली, आणि तरी बास पोकळ. अशा वेळी आपण आधी गेन (ॲम्पवरची पातळीची खुंटी) वाढवतो, मग बास बूस्ट चढवतो, आणि तरी समाधान झालं नाही की मोठ्या ॲम्पची चौकशी सुरू करतो. ते करू नका. पैसे खर्च करायच्या आधी प्लस-मायनस तपासा. सबचे तपासा, पुढच्या दोन्ही दारांतल्या स्पीकरचे तपासा. मागच्या खेपेला माझ्याकडून नेमकं हेच राहिलं आणि धडधाकट ॲम्प निम्म्या किमतीत गेला. सबच्या दोन तारा उलट लागल्या होत्या, बाकी काही नव्हतं. म्हणून पुढे हा मुद्दा वारंवार येईल.

पाना, पेचकस, टेप हे सांगायला नको. मल्टिमीटर मात्र हवाच. साधा चालतो, शेजाऱ्याकडून मागून आणला तरी चालतो, पण तो नसेल तर काम सुरू करू नका, कारण अंदाजाने इथे काहीच कळत नाही. दीड व्होल्टचा एक पेन्सिल सेल आणि वीतभर लांबीचे तारेचे दोन तुकडे घ्या. पॉलिश पेपर घ्या. कागदी चिकटपट्टी आणि पेन घ्या, कारण कुठलीही तार काढायच्या आधी तिच्यावर खूण करायची आहे. काढल्यावर नाही, आधी. पेन ड्राइव्हवर ३०, ४०, ५०, ६० आणि ८० हर्ट्झचे टोन भरून घ्या. सोबत एक असं गाणं घ्या की ज्यातला ढोल तुम्हाला पाठ आहे. ब्लूटूथवर तपासणी नको. फोनचा आवाज किती, त्यातला इक्वलायझर चालू की बंद, यातच तासभर जातो.

जागा मोकळी हवी. काही मोजमापं इंजिन चालू ठेवून घ्यायची आहेत, त्यामुळे सोसायटीचं तळघरातलं पार्किंग किंवा बंद गॅरेज अजिबात नको. तिथे धूर साठतो आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. तारांना हात लावायच्या आधी बॅटरीची मायनस सोडवा. काही स्टिरिओ बॅटरी काढली की कोड मागतात, तो आधी शोधून ठेवा. आणि एक मदतनीस हवा. तो का, ते लगेच येईल.

सुरुवात ऐकण्यापासून. ड्रायव्हरच्या सीटवर बसा, काचा वर, डिकी बंद. डिकी उघडून मागे उभं राहून बास जोखण्यात अर्थ नाही, आपण गाडी तिथून चालवत नाही. इक्वलायझर सपाट, बास बूस्ट शून्यावर, लाउडनेस बंद, बॅलन्स आणि फेडर मधोमध. आता आधी फक्त सब ऐका, मग फक्त दारं, मग दोन्ही एकत्र. सब एकटा दणदणीत वाजतो, दारं एकटी ठीक वाजतात, आणि दोन्ही एकत्र लावले की मधला भराव नाहीसा होतो, असं असेल तर पुढचं वाचायच्या आधीच सांगतो: फेज उलटा आहे, म्हणजे सब आणि दारांतले स्पीकर एकाच वेळी एकाच दिशेला हलत नाहीत.

कारण सरळ आहे. ८० हर्ट्झच्या आसपास सब आणि दारातले स्पीकर एकच सूर वाजवत असतात. सबचा शंकू (स्पीकरचा पुढे-मागे हलणारा पडदा) बाहेर येताना दारातला आत गेला, तर एक हवा ढकलतो आणि दुसरा ओढतो. दोघेही राबतात आणि कानापर्यंत काही पोचत नाही. म्हणूनच गेन वाढवून फरक पडत नाही. म्हणूनच मोठा ॲम्प घेऊनही फरक पडत नाही. हे फार लोक करतात, कृपा करून तुम्ही करू नका.

तपासायचं असं. ॲम्पवर ० आणि १८० लिहिलेला स्विच असेल तर मदतनीसाला तो बदलायला सांगा आणि तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवरून ८० हर्ट्झचा टोन ऐका. स्विच नसेल तर आवाज बंद करून सबच्या दोन तारांची अदलाबदल करा. टोननंतर गाणं लावा. ज्या बाजूला बास जास्त भरीव, ती बरोबर. कागदावर काय बरोबर आहे ते बघू नका. तारा रंगाप्रमाणे नीट असल्या तरी १८० लागू शकतो, कारण अंतराचाही फेजवर परिणाम होतो. ८० हर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण ४.३ मीटर, तिची अर्धी सव्वादोन मीटरच्या आत. डिकीतल्या सबपासून तुमच्या कानापर्यंतचं अंतर आणि दारापासूनचं अंतर यांतला फरक या अर्ध्या लाटेच्या जितका जवळ, तितका फेज उलटण्याच्या जवळ. तेव्हा ‘मी तारा बघितल्या, बरोबर आहेत’ हे उत्तर पुरत नाही. दोन्ही बाजू ऐकाच.

मग दारं. सब बंद करा, गाणं चालू ठेवा, बॅलन्स पूर्ण डावीकडे न्या, पूर्ण उजवीकडे न्या, मग मध्ये आणा. एका बाजूला असताना बास जास्त आणि मध्ये आल्यावर कमी होत असेल तर दोनपैकी एका दाराचे प्लस-मायनस उलटे आहेत. बाहेरून बसवलेल्या बहुतेक स्टिरिओंना पुढच्या डाव्या स्पीकरसाठी पांढरी तार असते आणि उजव्यासाठी करडी. ज्या तारेवर काळी रेघ ती मायनस. गाडीच्या मूळ वायरिंगचे रंग वेगळे असतात, तिथे हा हिशेब लावू नका. मूळ वायरिंग कापूही नका, गाडीच्या मॉडेलचा कपलर (तारा न कापता मध्ये बसणारी जोडणी) मिळतो.

मग खुद्द सब. तयार पेटी असेल तर बाहेरच्या लाल-काळ्या टर्मिनलवर विसंबू नका, आतल्या तारा उलट जोडलेल्या असू शकतात. सब ॲम्पपासून पूर्ण सोडवा, पेटीतून बाहेर घ्या. शंकूवर बोटाचं टोक अगदी हलकं टेकवा आणि सेलचं प्लस सबच्या प्लसला, मायनस मायनसला क्षणभर लावा. शंकू टक् करून बोटाला बाहेर ढकलतो. आत गेला तर खूण चुकीची. सेल धरून ठेवायचा नाही, नुसता स्पर्श. ड्युअल कॉइलचा (शंकू हलवणारी तारेची दोन वेटोळी असलेला) सब असेल तर दोन्ही कॉइलवर वेगवेगळं करून बघा, दोन्ही वेळा शंकू बाहेरच यायला हवा. एक कॉइल उलटी लागली की दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध जोर लावतात, शंकू जेमतेम हलतो आणि सगळी ताकद कॉइल तापवण्यात जाते. असा सब वाजवत राहाल तर तो जळेल.

आता वीज. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. तेच ॲम्पच्या टर्मिनलवर मोजा, आणि मोठ्या आवाजात बास वाजत असताना मोजा. शांत असताना मोजलेल्या आकड्याला किंमत नाही. बॅटरीवरचा आकडा आणि ॲम्पवरचा आकडा यांत अर्ध्या व्होल्टहून जास्त तफावत असेल तर प्लसची तार किंवा अर्थ (ॲम्पची मायनस तार आणि ती गाडीच्या पत्र्याला जिथे जोडली ती जागा) यांपैकी एक वाईट आहे. कोणता, ते कळायला मीटरची एक तार ॲम्पच्या मायनसला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला लावा. मी पाव व्होल्टच्या वर काही दिसलं की अर्थ उघडतो. अर्थची तार आखूड, दीड फुटाच्या आत, आणि प्लसच्याच जाडीची हवी. तिच्या जागेवरचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. नुसता बोल्ट आवळून भागत नाही, रंगातून वीज जात नाही. सीट बेल्टच्या बोल्टला अर्थ देऊ नका, तो बोल्ट जीव वाचवण्यासाठी आहे.

तारेचं टोक ब्लेडने खरवडून बघा. तांब्याच्या पापुद्र्याखाली चंदेरी निघालं तर ती ॲल्युमिनियमची तार आहे, वर नुसता तांब्याचा मुलामा. तिची वाहकता तांब्याच्या जवळपास दोन तृतीयांश, म्हणून त्याच कामाला जाड घ्यावी लागते. स्वस्तातल्या वायरिंग किटमध्ये सर्रास हीच असते. मुख्य फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत असावा, आणि तो उडत असेल तर मोठा फ्यूज टाकणं हा उपाय नाही, त्याने गाडी पेटते.

अर्थ किंवा वायर बदलताना सबच्या तारा काढल्या असतील तर परत लावल्यावर पुन्हा फेज ऐका. हो, पुन्हा.

ओहमचं, म्हणजे कॉइलच्या विद्युत विरोधाचं, थोडक्यात. ४ ओहमची कॉइल मीटरवर ३.२ ते ३.८ दाखवते, सब ॲम्पपासून सोडवून मोजायची. काहीच दाखवत नसेल तर कॉइल गेली. ४-४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की २, एकसर जोडल्या की ८. ब्रिज केलेल्या (दोन्ही चॅनल एकत्र करून एकाच सबला लावलेल्या) दोन चॅनलच्या ॲम्पला बहुधा ४ च्या खाली चालत नाही. २ ऐवजी ८ वर लागला असेल तर ताकद बरीच घटते, आवाज कमी येतो, पण बास पोकळ होत नाही. पोकळ असेल तर वर जा, फेज.

पेटी. बंद पेटीत फट असेल तर खालचा बास गळतो. ४० हर्ट्झचा टोन लावून पेटलेली उदबत्ती सांध्यांजवळून आणि टर्मिनलच्या कडेने फिरवा, धूर फडफडेल तिथे फट. पेटीच्या कार्पेटपासून लांब धरा. पोर्टवाली (हवेसाठी मुद्दाम भोक ठेवलेली) पेटी असेल तर पोर्टच्या तोंडासमोर निदान पोर्टच्या व्यासाइतकी मोकळी जागा ठेवा, बॅग टेकवून ती बंद करू नका. सेडानमध्ये डिकी आणि सीट यांच्यामध्ये भिंत असते. मागच्या सीटचा आर्मरेस्ट पाडून किंवा सीट दुमडून ऐका. एकदम फरक पडला तर दोष सबचा नाही, वाटेचा आहे. हॅचबॅकमध्ये पेटीचं तोंड मागच्या दाराकडे फिरवून बघा.

फिल्टर (ठराविक हर्ट्झच्या वरचे किंवा खालचे सूर अडवणारी सेटिंग) एकाच जागी लावा, स्टिरिओत किंवा ॲम्पवर, दोन्हीकडे नको. सब ८० हर्ट्झला वरून कापलेला, दारं ८० ला खालून कापलेली, इथून सुरुवात करा. फिल्टर हलवला की फेजही हलतो, तेव्हा परत ० आणि १८०. पोर्टवाल्या पेटीला सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारा) २५ ते ३० हर्ट्झवर. स्टिरिओत सबवूफर आउटपुट चालू आहे ना, एवढं बघा.

गेन शेवटी. सब सोडवा, ५० हर्ट्झचा टोन, स्टिरिओ तीन चतुर्थांश आवाजावर, मीटर एसी व्होल्टवर, ॲम्पच्या सबकडे जाणाऱ्या टर्मिनलला. ताकद गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: ३०० वॉट आणि ४ ओहमला ३४.६ व्होल्ट. मीटरवर हा आकडा येईपर्यंत गेन वाढवा आणि तिथे थांबा. सब परत जोडा. कुठल्या दोन तारा कुठे, ते खुणेवरून, आणि मग कानाने.

खडखड राहिली तर नंबर प्लेट, मागच्या दाराचं आतलं प्लास्टिक, जॅक. स्टेपनी काढून ठेवली असेल तर परत घाला आणि घट्ट आवळा.