बॅन्शीला आधी पाइप की पोर्टिंग?
कॅलिफोर्नियात इम्पीरियलच्या वाळूत माझी जुनी यामाहा बॅन्शी (चार चाकांची एटीव्ही; ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, म्हणजे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं) चढावर दम सोडायची. सगळे पोर्टिंग (सिलिंडरमधली मिश्रण आणि धूर ये-जा करायची भोकं घासून मोठी करणं) सुचवत होते. मी आधी इंजिन बंदिस्त करून हवेचा दाब टिकतो का पाहिलं. क्रँकचं (पिस्टन फिरवतो त्या दांड्याचं) सील गळत होतं! अशानं बाहेरची हवा शिरते, पेट्रोल-तेल दोन्ही कमी पडतं आणि पिस्टन जाम होतो. सील बदललं. मग खर्च केला तो एक्स्पान्शन पाइपवर (मध्ये फुगीर असलेला धुराचा पाइप); त्यातून परतणारी दाबलहर निसटतं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते. वाळूसाठी मधल्या आरपीएमला जोर देणारा पाइप घेतला. त्यासोबत मेन जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक तोंडं) मोठे लागतातच. सर्वांत मोठ्या जेटपासून, स्पार्क प्लगचा रंग बघत, हळूहळू खाली आलो. पोर्टिंगच्या भानगडीत पडलोच नाही. चढ आता तिसऱ्या गिअरवर निघतो.