बचावपटूला टेंडर द्यायचं का? मार्चआधीची तयारी

सगळ्यात आधी हंगाम मोजा. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, करार संपलेल्या खेळाडूच्या नावावर नेमके तीन हंगाम जमा असतील तरच तो रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट, म्हणजे दुसऱ्या संघाशी बोलू शकणारा, पण जुन्या संघाचा हक्क राहिलेला खेळाडू. तो हक्क राखायला जुना संघ जो एका वर्षाचा ठरावीक रकमेचा प्रस्ताव देतो, तो टेंडर. दुसऱ्या संघाने प्रस्ताव दिला तर जुना संघ बरोबरी करतो, नाहीतर टेंडरच्या पातळीप्रमाणे त्या संघाची ड्राफ्टमधली निवड घेतो. चार झाले की पूर्ण मोकळा. हंगाम जमा व्हायला पूर्ण पगारावर किमान सहा सामने लागतात. घोळ इथेच होतो, कारण प्रॅक्टिस स्क्वॉडमधले (सरावापुरत्या ठेवलेल्या राखीव गटातले) आठवडे त्यात धरत नाहीत. चार वर्षं संघासोबत दिसणारा गडीही तिसऱ्याच हंगामावर असू शकतो. ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या फेरीवार निवडीत) घेतलेल्यांचा पहिला करार चार वर्षांचा असल्यामुळे या गटात बहुतेक जण ड्राफ्टमध्ये कुणीच न उचललेले असतात. हे ध्यानात ठेवा, पुढे याच गोष्टीवर पैसे वाचतात किंवा बुडतात.

मग सामन्यांचं चित्रण, तेही संपूर्ण मैदान दिसणारं. नुसत्या टॅकलच्या (समोरच्याला पाडण्याच्या) आकड्यावर विसंबू नका. तो किती डाव मैदानात होता, कुठल्या डाउनला (चारपैकी कितव्या प्रयत्नाला) होता, त्याच्या पुढे कोण उभा होता, हे लिहून काढा. ब्रॉन्कोस संघाने 2018 मध्ये कडेने हल्ला करणाऱ्या शकील बॅरेटला दुसऱ्या फेरीचं, 29.14 लाख डॉलरचं टेंडर दिलं. त्याच जागेवर खेळणारा व्हॉन मिलर एका बाजूला होताच, त्यात त्याच वर्षी ड्राफ्टमधून ब्रॅडली चब आला आणि बॅरेटच्या वाट्याचे डाव आटले. पुढच्या वर्षी तो टॅम्पा बेला गेला आणि 19.5 सॅकसह (पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला पाडण्यात) लीगमध्ये पहिला आला. म्हणून कमी आकडे पाहून खेळाडू कमी ठरवू नका. संधी किती होती ते आधी बघा. कॉर्नरबॅक (पास अडवणारा बचावपटू) आतल्या बाजूला, स्लॉटमध्ये खेळत असेल तर त्याला राखीव समजू नका. आजकाल बहुतेक डावांत मागे पास अडवणारे पाच जण असतात, म्हणजे तो खरं तर मुख्य संघातलाच. उलट, फक्त धाव अडवणारा, पासच्या डावाला बाहेर बसणारा डिफेन्सिव्ह टॅकल हवाच असेल, तर टेंडरऐवजी स्वस्त करार बघा. बचावाचा प्रशिक्षक बदलला असेल तर नव्या माणसाला हे चित्रण दाखवून त्याच्याकडून स्पष्ट हो किंवा नाही घ्या.

आता पातळी. खरा निर्णय इथे आहे. 2025 मध्ये पहिल्या फेरीचं टेंडर 74.58 लाख डॉलर, दुसऱ्या फेरीचं 53.46 लाख आणि फक्त बरोबरी करण्याचा हक्क देणारं 32.63 लाख होतं. सगळ्यात खालच्या टेंडरवर खेळाडू गेला तर बदल्यात ड्राफ्टमधली निवड मिळत नाही. मूळ फेरीचं टेंडर, म्हणजे खेळाडू ड्राफ्टमध्ये ज्या फेरीत घेतला गेला त्या फेरीची निवड मिळवून देणारं, दुसऱ्या फेरीच्या आणि सगळ्यात खालच्या टेंडरच्या मध्ये येतं, पण खेळाडूची मूळ फेरीच नसेल तर त्यातूनही हाती काही लागत नाही. त्यावर जास्तीचे पैसे घालू नका. 2016 मध्ये बिल्स संघाने ख्रिस होगनला खालचं टेंडर दिलं. पेट्रियट्सनी तीन वर्षांचा 1.2 कोटींचा प्रस्ताव ठेवला, त्यातले 55 लाख पहिल्याच वर्षी. बिल्सनी बरोबरी केली नाही. होगन गेला, तोही त्यांच्याच गटातल्या प्रतिस्पर्ध्याकडे, आणि हाती शून्य. तो रिसीव्हर (पास झेलणारा) होता, पण नियम बचावपटूलाही तोच. आमचं मत सरळ आहे: ज्याच्या जागी उद्या कुणाला उभं करायचं हे ठाऊक नाही, त्याला दुसऱ्या फेरीचं टेंडर द्या. खालच्या टेंडरपेक्षा लागणारा 20.83 लाखांचा फरक विम्याच्या हप्त्यासारखा धरा. पहिल्या फेरीचं टेंडर क्वचितच, कॉर्नरबॅक माल्कम बटलरसारख्यासाठी. 2017 मध्ये पेट्रियट्सनी त्याला ते दिलं, सेंट्सनी त्याची भेटही घेतली, पण प्रस्ताव काही आला नाही.

कॅपचा (संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेचा) हिशेब करताना पूर्ण रक्कम वजा करू नका. हंगामाबाहेर फक्त वरचे 51 पगार मोजले जातात. टेंडर आत आलं की एक छोटा पगार बाहेर पडतो, तो 9.6 लाखांचा असेल तर 53.46 लाखांच्या टेंडरचा खरा भार 43.86 लाख. टेंडरची रक्कम हमीची नसते, तेव्हा ड्राफ्टमध्ये त्याच जागेवर चांगला मुलगा मिळाला तर मागे फिरता येतं. मात्र संघाबरोबर खेळताना दुखापत झाली तर तसं सहज सोडता येत नाही, म्हणून गुडघे आणि टाचेच्या स्नायूबंधाचा डॉक्टरी अहवाल फेब्रुवारीतच मागवा.

टेंडर न देता सोडून पुन्हा स्वस्तात घेऊ, असा विचार असेल तर थांबा. असा सोडलेला खेळाडू गेल्यावर भरपाईच्या निवडीच्या (गेलेल्या खेळाडूंबद्दल लीग देते त्या जादा ड्राफ्ट निवडीच्या) हिशेबात धरला जात नाही. टेंडरवर एक वर्ष खेळवून पुढच्या मार्चमध्ये जाऊ दिला तर तो धरला जाऊ शकतो.

बरोबरीची कमाल रक्कम आधीच कागदावर लिहा, एकूण वेगळी आणि पहिल्या वर्षाची वेगळी. प्रस्ताव आला की हातात पाचच दिवस असतात, आणि समोरचा संघ पहिल्या वर्षाचा आकडा मुद्दाम फुगवतो. कुठल्या संघांकडे त्या फेरीची स्वतःची निवड शिल्लक आहे, तेही तपासा. दुसऱ्याकडून मिळवलेली निवड त्यांना खेळाडूच्या बदल्यात देता येत नाही. ज्यांनी आपली निवड दुसऱ्या संघाला देऊन टाकली आहे ते बाद, उरलेल्यांपैकी कॅपमध्ये जागा असलेले चार-पाचच खरे धोक्याचे.

तारखा भिंतीवर लावा. 2025 मध्ये टेंडरची मुदत 12 मार्चला न्यूयॉर्कच्या दुपारी चार वाजता संपली आणि इतर संघांचे प्रस्ताव 18 एप्रिलपर्यंत येऊ शकत होते. त्या शेवटच्या आठवड्यात कॅपमधली राखून ठेवलेली जागा दुसऱ्या कुणावर खर्च करू नका.