टाळलेलं काम कसं उरकावं: सातबाऱ्यावरच्या वारस नोंदीच्या निमित्ताने

वडील जाऊन वर्षं लोटली आणि सातबाऱ्यावर नाव अजून त्यांचंच, अशी घरं गावोगाव सापडतात. इतकी, की 2025 मध्ये राज्य सरकारला ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीमच काढावी लागली. आमच्या नात्यात कुणाचं कागदपत्रांचं काम अडलं की फोन मला येतो. वाक्य ठरलेलं: “वेळच मिळत नाही गं.” हे सांगणारा माणूस पहाटे चारला धारा काढायला उठतो, तेव्हा त्याला आळशी म्हणायची सोय नाही. काम दुसऱ्याच कारणाने अडलेलं असतं, आणि ते कारण सापडल्याशिवाय ‘रोज थोडं थोडं करा’ छापाचे सल्ले काही कामाचे नाहीत.

कामाला नाव द्या. ‘जमिनीचं बघायचंय’ हे काम नव्हे, ती नुसती धास्ती. ‘वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे द्यायचा’ हे काम.

नको वाटणारी जागा हुडका. घाई करू नका, सगळी गोम इथेच आहे. स्वतःला विचारा: यातला एकच तुकडा दुसऱ्या कुणी करून दिला, तर कुठल्या तुकड्याने मला हायसं वाटेल? झेरॉक्स काढायचा तुकडा, असं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही. बहुतेक वेळा तो असतो बहिणीला करायचा फोन. ती हिस्सा मागेल का? भाऊ म्हणेल, आधी तिच्याकडून हक्कसोड, म्हणजे हिस्सा सोडल्याचा कागद घे, मग काय बोलायचं? आणि बाबांचं नाव आपल्या हाताने कमी करायचं, या विचारानेच पोटात कालवतं ते वेगळंच. ते दुःख खरं आहे, त्यावर माझ्याकडे उपाय नाही. पण फोनच्या भीतीवर आहे.

ही भीती दोन कामं एकात गुंतवल्याने वाढते. वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे. नोंदीत आई, भाऊ, बहिणी अशा सगळ्या वारसांची नावं लागतात, बस्स. कुणाच्या वाट्याला कुठला बांध हे तिथे ठरत नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा केला, त्यामुळे बहिणीचं नाव लावायचं की नाही हा घरात चर्चेला घ्यायचा मुद्दाच नाही. हक्कसोडपत्र हे वेगळं, तिने राजीखुशीने द्यायचं आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचं कागदपत्र. ‘आधी हक्कसोड, मग नोंद’ असं सांगणारा एक जाणता प्रत्येक भावकीत असतो. त्याचा चहा घ्या, सल्ला घेऊ नका.

‘सोप्यापासून सुरुवात करा’ या सल्ल्याचाही मला कंटाळा आलाय. अशा कामात तो घातक आहे. लोक नवी फाइल आणतात, प्रती काढतात, रंगीत यादी करतात, आणि काहीतरी केल्याचं समाधान मिळाल्यावर फोन आणखी पुढे ढकलतात. पंचवीस मिनिटांचा गजर लावून बसण्याची पद्धत अभ्यासाला चांगली असेल, पण दहा मिनिटांच्या फोनला गजर कशाला? फ्युशिया सिरोइस आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये मांडलं होतं की चालढकल ही मुळात वेळेच्या नियोजनातली चूक नसते, आत्ता वाटणारा त्रास आत्ताच टाळायची ती धडपड असते. म्हणून जिथे त्रास आहे, तो तुकडा पहिला.

पहिली तीन वाक्यं कागदावर लिहा. मनात नाही, कागदावर. “ताई, बाबांच्या जागी आपल्या सगळ्यांची नावं चढवायचीत. वाटणीचा विषय नाही, तुझंही नाव लागणारच आहे. आधारची प्रत तेवढी पाठव.” हे कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तिथे एकाने ‘दिवाळीत बसून बोलू’ लिहिलं की वर्ष गेलं. वेळही ‘या आठवड्यात’ अशी मोघम नको. ‘गुरुवारी जेवण झालं की ओट्याशी उभं राहून’ इतकी नेमकी हवी. फोन उचलला नाही, तर पुन्हा कधी करायचा हेही तिथेच लिहून ठेवा.

बाकीचं एका सकाळचं काम. मृत्यूचा दाखला, सातबारा आणि आठ-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा), सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते आणि नातं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, ओळखपत्रांच्या प्रती. अर्ज तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे. ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही देता येतो. 1966 च्या जमीन महसूल कायद्यात तीन महिन्यांत कळवा असं म्हटलंय. ती मुदत गेली म्हणून आता नोंद होणारच नाही, असं धरून बसू नका. होते.

पोच घ्या आणि पुढची तारीख तिथेच, कार्यालयाच्या पायरीवर कॅलेंडरमध्ये घाला. फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, लिहिला गेला की हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. फोनची भीती ओलांडलेली माणसं इथे दुसऱ्यांदा ढिली पडतात, ‘दिलाय अर्ज, होईल’ म्हणत.

नोंद झाली की डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत काढा आणि नावांची अक्षरं एकेक करून वाचा. वेलांटी चुकली असेल तर जमीन महसूल कायद्याच्या कलम 155 खाली दुरुस्तीचा अर्ज द्या, त्याच आठवड्यात.