मराठी माध्यमातून इंग्लिश स्पेशलला

बी.ए.ला इंग्लिश स्पेशल, म्हणजे मुख्य विषय इंग्रजी, घेणार म्हटल्यावर घरात पहिला प्रश्न आला, "झेपेल का गं तुला?" निफाडहून नाशिकला अपडाउन करत मी ती डिग्री पूर्ण केली, पुढे एम.ए. केलं. आता गावाकडची मुलंमुली तोच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

झेपतं. पण पहिल्या वर्षी मी केलं ते करू नका. मूळ कविता, नाटकं बाजूला ठेवून मी गाइड पाठ केलं होतं. पासही झाले. दुसऱ्या वर्षी वर्गात एक न वाचलेली कविता हातात देऊन रसग्रहण लिहायला सांगितलं, तेव्हा माझा कागद कोरा राहिला. पाठ केलेलं एक वाक्यही तिथे उपयोगाचं नव्हतं.

मॅडमनी त्या दिवशी मला एकच काम दिलं. शेक्सपिअरचं एकशे तिसावं सॉनेट, म्हणजे फक्त 14 ओळींची कविता, आठवडाभर रोज वाचायचं, गाइड न उघडता. सुरुवातीला डिक्शनरीशिवाय दोन ओळी सरकेनात. तिसऱ्या दिवशी एसटीत, नाशिकच्या द्वारका चौकात गाडी अडकलेली असताना, लक्षात आलं की हा माणूस प्रेयसीचं कौतुक करतच नाहीये. तिचे डोळे सूर्यासारखे नाहीत, ओठ पोवळ्याइतके लाल नाहीत, केस म्हणजे काळ्या तारा. आपल्याकडे चंद्रमुखी, मृगनयनी म्हणत आलेत ना, तशा ठरीव उपमा एकेक करून तो नाकारतो. चार-चार ओळींची तीन कडवी हेच चालतं आणि शेवटच्या दोन ओळींत कविता उलटते: खोट्या उपमांनी सजवलेल्या कुठल्याही बाईइतकीच माझी ही दुर्मीळ आहे. यमकंही तिथेच बदलतात. तोवर एकाआड एक ओळी जुळत असतात, शेवटच्या दोन लगोलग जुळतात. सॉनेटची व्याख्या मी आधी पाठ केली होती. ती रचना तशी का असते, ते त्या एसटीत कळलं.

लिहिण्याचं दुखणं वेगळं. आपण मराठीत विचार करून इंग्रजीत उतरवतो आणि मराठीची घडण सोबत येते. 'जरी... तरी' ही आपली जोडी. त्यामुळे मी 'ऑलदो'ने वाक्य सुरू केलं की पुढे हमखास 'बट' घालायची. इंग्रजीत दोन्हींतलं एकच चालतं. एका निबंधात मॅडमनी लाल पेनने असे सात 'बट' गोल केले होते. 'अ' आणि 'द'चंही तेच, मराठीत तसलं काही नाहीच. नियम वाचून हे सुटत नाही. दर आठवड्याला पानभर लिहा, कुणाकडून तरी तपासून घ्या आणि आपल्याच चुकांची वही ठेवा. माझी वही तीन वर्षं चालली.

मराठी मात्र सोडू नका. इंग्लिशवाल्यांनी मराठी वाचू नये असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. शेक्सपिअरचं मॅकबेथ अडलं तेव्हा मला आपल्या शिरवाडकरांनी केलेलं त्याचं मराठी रूपांतर, 'राजमुकुट', उपयोगी पडलं. आधी मूळ प्रवेश, मग मराठी, मग पुन्हा मूळ, या क्रमाने वाचा. नाहीतर मराठीवरच भागवायची सवय लागते. पुस्तकं विकत घेणं जमत नसेल तर कॉलेजच्या लायब्ररीसोबत नाशिकच्या 'सार्वजनिक वाचनालया'चं सभासदत्व घ्या. 1840 सालची संस्था आहे ती, नाशिककरांनी जपलेली.

प्रवेशाचं थोडक्यात. नाशिकची बहुतेक आर्ट्स कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. आम्ही स्पेशल म्हणायचो त्याला नव्या शैक्षणिक धोरणात मेजर म्हणतात. सोबत कोणते विषय मिळतील ते फॉर्म भरण्याआधी ऑफिसात विचारून घ्या. नोकरी करून शिकायचं असेल तर मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय आपल्या नाशिकलाच आहे, तिथेही चौकशी करा.

पुढे काय, हे आईवडील विचारणारच. शाळेत शिकवायचं तर बी.एड. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए. आणि नेट किंवा सेट, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीची देशपातळीवरची किंवा राज्यपातळीवरची पात्रता परीक्षा. सेटला तीन तासांत 150 प्रश्न, 300 गुण, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. खुल्या गटाला एम.ए.ला 55 टक्के लागतात, म्हणून एम.ए.चं पहिलं सेमिस्टरही हलक्यात घेऊ नका. शिकवायचं नसेल तर भाषांतर आहे, मुद्रितशोधन आहे. दोन्ही भाषा नीट लिहिणारी माणसं खरंच कमी मिळतात, हे मी रोज पाहते.

माझ्याशी बोलायला येणार असाल तर एक इंग्रजी कविता वाचून या, कुठलीही. अडलेल्या ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारून आणा. आपण त्या ओळींपासूनच सुरू करू.