नाटकातल्या रिव्हॉल्वरचा घोडा बदलताय? या चुका टाळा

दिवाळी झाली, धान निघालं का आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचे बोर्ड लागतात. वडशाची नामी मंडळी असो का गावातल्या पोरांचं हौशी मंडळ, व्हिलनच्या हातात रिव्हॉल्वर पाहिजेच, नाही तं सकाळी लोकं म्हणतात नाटकात दम नव्हता बा. आता हे रिव्हॉल्वर म्हणजे टिकल्या फोडायचं खेळणंच, दिवाळीत दुकानात लटकून असते तेच. ते मागच्या रांगेपर्यंत खरं वाटावं म्हणून प्रॉपर्टीवाला, म्हणजे नाटकाचं सामान सांभाळणारा पोरगा त्याच्या मागच्या घोड्यावर (चाप दाबला की टिकलीवर आपटते तो तुकडा) कारागिरी करून राहतो आणि मंग ऐन सीनमध्ये ठुस्स. व्हिलन चाप दाबून राहिला, हिरोचा बाप मराची वाट पाहून राहिला, पब्लिक हसून राहिली.

पहिली चूक दुकानातच होते. बरेच खेळणे असे असतात का चाप ओढला की घोडा आपोआप मागं जाते अन् आपोआप पडते. असलं घेऊ नका. आपल्याला सिंगल ॲक्शनवालं पाहिजे, म्हणजे अंगठ्यानं घोडा मागं ओढला की तिथंच अडकून राहीन आणि चाप दाबला की सुटीन. स्टेजवर सगळी मजा त्या ओढण्यातच आहे राजेहो! माईकच्या जवळ येऊन व्हिलननं हळूच घोडा ओढला, खट् असा आवाज झाला, की पेंडालातली कुजबुज बंद. 1873 च्या जुन्या कोल्ट रिव्हॉल्वरचा घोडा पूर्ण मागं नेईस्तोवर चार खटके ऐकू येतात. खेळण्यात एकच येते, पण तो एकच नीट आला पाहिजे. दुकानदाराला सांगून दहा-बारा वेळा टिकली न लावता ओढून पाहा, एकदाही घसरला तं दुसरं मागा.

आता सगळ्यात मोठी चूक, खाच घासणं. घोड्याच्या बुडाशी एक बारीक खाच असते, चापाचं आतलं टोक तिच्यात बसते, म्हणून घोडा मागं उभा राहते. घोडा थोडा जड ओढल्या जाते म्हणून कोणीतरी खेळणं खोलते, कानस घेते आणि खाच "स्मूथ" करते. झालं! कड गोल झाली, की टोक धरतच नाही. घोडा कधी अर्ध्यातून पडते, कधी व्हिलननं हात झटकला तरी पडते, आणि डायलॉग बाकी असताना फट्कन आवाज येते. खऱ्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्वरमध्येही ही खाच आणि चापाचं टोक यांच्या कोनावरच सगळा भरवसा असते, म्हणून बंदुकीचा चांगला कारागीरही तिथं लय जपून हात लावते. ओढायला जड जात असेल तं आधी घोडा ज्या पिनेवर फिरते तिच्यावर मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडून पाहा. घासलेली खाच परत भरता येत नाही, ते खेळणं गेलं समजा.

घोड्याची शेपटी, म्हणजे अंगठा ठेवायची जागा, ती मात्र बिनधास्त बदला. खेळण्यात ती इवलीशी असते, मेकअपचं तेल लागलेल्या अंगठ्याखालून सटकते आणि लांबून दिसतही नाही. पण बदलायची कशी ते समजून घ्या. धातूचे खेळणे बहुतेक जस्ताच्या ओतीव मिश्रणाचे असतात, जस्त चारशे-वीसेक डिग्रीलाच वितळते, म्हणून गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे नेलं की त्याचा आर्क लागताच घोड्याचा गोळा होते, त्यात त्या बिचाऱ्याची काही चूक नाही. शेपटीला बारीक छिद्र पाडा, त्यात सायकलच्या स्पोकचा तुकडा बसवा, वरून अराल्डाइट किंवा एम-सील लावून आकार द्या आणि रातभर हात लावू नका. सुकल्यावर वरच्या बाजूला कानशीनं आडव्या रेषा मारा, म्हणजे अंगठा पकडते. कानस इथं चालवायची, खाचेवर नाही.

हौसेपायी एम-सीलचा अर्धा पुडा लावणारेही आहेत. घोडा जड झाला की स्प्रिंग त्याला जोरात फेकू शकत नाही, टिकलीवर नुसता टेकते. आणि शेपटी फार वाकडी-लांब केली तं कमरेच्या पट्ट्यातून काढताना धोतरात नाही तं शालीत अडकते. अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठी नको.

मंग लोकं स्प्रिंगवर येतात. जाड स्प्रिंग टाकली की आवाज मोठा येईन असं वाटते, पण आवाज टिकलीतल्या मसाल्याचा असते, स्प्रिंगचा नाही. जाड स्प्रिंगनं दोनच गोष्टी होतात, पिनेच्या छिद्रापाशी घोडा तडकते आणि चाप इतका कडक होते का दाबेपर्यंत समोरचा नट पडून मोकळा झाला असते. आवाज पाहिजे तं ऑक्टोपॅडवाल्याला इशारा ठरवून द्या, टिकली फुटो का न फुटो.

टिकली न फुटण्याचं खरं कारण बहुतेक वेळा घोडा नसतेच, दव असते. रात्री दहाला पडदा उघडते, गोळीबाराचा सीन दोन-तीन वाजता, तोवर कागद नरम झालेला. टिकल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि सीनच्या आधीच भरा. शेकोटीवर किंवा हॅलोजनपुढं वाळवायच्या नाहीत, आणि सुट्या खिशात तं बिलकुल नाही. तो मसाला घासल्यानंच पेटते, मांडी भाजते. दोन-चार टिकल्यांचा मसाला खरडून एकत्र करणं हा तर शुद्ध येडेपणा आहे. समोरच्याच्या कानापासून, डोळ्यापासून निदान फूटभर लांब धरा.

नाटक झाल्यावर लोकं घोडा रॉकेलच्या फडक्यानं पुसतात आणि महिन्याभरात स्प्रिंग गंजली म्हणून रडतात. टिकली जळाल्यावर क्षार उरतात, ते रॉकेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. ओल्या फडक्यानं पुसा, उन्हात कडक वाळवा, मंग तेल.

आता थोडं गंभीर. कोणाच्या घरी लायसनची बंदूक आहे, तेच स्टेजवर आणू, असं कोणी म्हणत असेल तं तिथंच थांबवा. रिकामी आहे म्हणूनही नाही, ब्लँक, म्हणजे गोळी नसलेलं नुसत्या बारुदाचं काडतूस, टाकू म्हणूनही नाही. 1984 मध्ये अमेरिकेत जॉन-एरिक हेक्सम नावाच्या नटानं सीरियलच्या सेटवर ब्लँकवालं रिव्हॉल्वर मस्करीत कानशिलाला लावून चाप दाबला. आत गोळी नव्हती, तरी गेला. 2021 मध्ये "रस्ट" या सिनेमाच्या सेटवर सिंगल ॲक्शन रिव्हॉल्वरमधून खरी गोळी सुटून हॅलिना हचिन्स ही सिनेमॅटोग्राफर गेली, ते बंदूक नटाच्या हाती देताना "रिकामी आहे" असंच सांगितलं होतं. आणि आपल्याकडे शस्त्र कायदा 1959 नुसार नकली बंदुकीचं असलीत रूपांतर करणं विनापरवाना गुन्हा आहे, म्हणून खेळण्याच्या नळीशी प्रयोग करायचेच नाहीत. आपलं काम फक्त घोड्याच्या शेपटीपुरतं.

खेळण्याच्या टोकाला लाल किंवा नारिंगी तुकडा असते, तो कापू नका. हॅलोजनमध्ये चमकते म्हणून फारच वाटत असेल तं घोड्याच्या शेपटीला मॅट काळा रंग द्या, पिनेत अन् खाचेत जाऊ देऊ नका, नाही तं वाळल्यावर घोडा जाम. आणि पहाटे गडचिरोलीच्या रस्त्यानं मेटाडोर परत येताना रिव्हॉल्वर कमरेला खोचून समोर बसायची हौस सोडा, नाक्यावरच्या शिपायाला अंधारात ते खेळणं आहे हे कसं समजीन? प्रॉपर्टीच्या पेटीत, कपड्याच्या खाली, पेटी बंद.

त्याच पेटीत दुसरं रिव्हॉल्वर तयार ठेवा, तेही त्याच रंगाचं, शेपटी तशीच बनवलेली. पहिलं बिघडलं आणि दुसऱ्या अंकात वेगळंच निघालं, तं पुढं ताडपत्रीवर बसलेले लेकरं पहिल्यांदा ओळखतात आणि मोठ्यानं सांगतात.