बेंटनव्हिलला येण्याआधी आर्कान्सा समजून घ्या

दरवर्षी उन्हाळा आला की पुण्या-नाशिकहून मुलांचे मेसेज सुरू होतात. कुणाला अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, युनिव्हर्सिटी ऑफ आर्कान्सात ॲडमिशन मिळालेली असते, कुणाला कंपनी क्लायंटकडे बेंटनव्हिलला पाठवत असते. कुकर आणू का, थंडी किती, भाडं किती पडेल? या प्रश्नांची उत्तरं तुम्हाला कुणीही देईल. माझं सांगणं एवढंच की या राज्यात शिकायचं आणि नोकरी करायची असेल, तर इथली माणसं, इथले धंदे आणि इथला कारभार समजून घेऊनच या. आपली बरीच मंडळी वर्षानुवर्षं इथं राहतात आणि ऑफिस, अपार्टमेंट आणि इंडियन स्टोअर यापलीकडचं आर्कान्सा त्यांना ठाऊकच नसतं. नोकरीतही त्यांचं नुकसान होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

वायव्य आर्कान्सा म्हणजे आय-४९ महामार्गावर ओळीनं लागणारी गावं. दक्षिणेला फेएटव्हिल, तिथं विद्यापीठ. मग स्प्रिंगडेल, तिथं टायसन फूड्स ही चिकन-मांसाची कंपनी. पुढं लोवेलला जे. बी. हंट ही ट्रकवाहतूक कंपनी, मग रॉजर्स आणि शेवटी बेंटनव्हिल, वॉलमार्टचं गाव. एवढी मोठी मुख्यालयं एकमेकांच्या इतक्या जवळ कशी आली?

वॉलमार्टचे संस्थापक सॅम वॉल्टन यांचं पहिलं दुकान राज्याच्या पूर्वेला न्यूपोर्टमध्ये होतं, १९४५ सालचं. ते चांगलं चालत असतानाच जागामालकानं भाडेकरार वाढवून द्यायला नकार दिला. म्हणून ते १९५० मध्ये बेंटनव्हिलच्या चौकात आले. ‘वॉलमार्ट’ नावाचं पहिलं दुकान मात्र शेजारच्या रॉजर्सला १९६२ मध्ये निघालं. चौकातल्या जुन्या दुकानाच्या जागी आज म्युझियम आहे. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात बघून घ्या.

मला त्याहून जास्त भावते ती जे. बी. हंट यांची गोष्ट. अमेरिकेत पिकणाऱ्या तांदळापैकी जवळपास निम्मा आर्कान्सात पिकतो, तोही राज्याच्या पूर्व भागात, स्टटगार्टच्या आसपास. गिरण्यांतून भाताचं तूस ढिगानं निघायचं आणि वाया जायचं. कोंबड्यांच्या शेडमध्ये खाली अंथरायला तेच तूस उत्तम. हंट यांनी १९६१ मध्ये ते पोल्ट्रीवाल्यांना विकायचा धंदा काढला आणि १९६९ मध्ये मोजक्या ट्रकांनिशी वाहतुकीत उतरले. सप्लाय चेन शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगते. एका ठिकाणचा कचरा दुसऱ्या ठिकाणचा कच्चा माल कसा होतो आणि मधल्या वाहतुकीत पैसा कुठं असतो, हे तिच्यातून नीट कळतं.

आता नोकरीचं. सगळे वॉलमार्टकडे डोळे लावून बसतात, पण वॉलमार्टला माल विकणाऱ्या शेकडो कंपन्यांनीही इथं ऑफिसं थाटलेली आहेत. साबणापासून खेळण्यांपर्यंत सगळ्यांची. इथं त्यांना व्हेंडर म्हणतात. डेटा ॲनालिस्ट, रिप्लेनिशमेंट (संपलेला माल पुन्हा भरणं), कॅटेगरी (एका प्रकारच्या मालाचं नियोजन) अशी कामं तिथं भरपूर असतात आणि शिकायलाही खूप मिळतं. ‘ओटिफ’ म्हणजे माल वेळेवर आणि पूर्ण पोचला का, ‘मॉड्युलर’ म्हणजे कोणत्या फळीवर काय आणि किती लावायचं याचा आराखडा. हे शब्द कानावरून गेलेले असू द्या.

मुलाखतीच्या तयारीचा माझा एकच आग्रह असतो: ज्या कंपनीत जाणार, तिचा माल दुकानात जाऊन बघा. सकाळी लवकर सुपरसेंटरला, म्हणजे वॉलमार्टच्या मोठ्या दुकानात, जा. फळीवर तिचा माल डोळ्यांच्या उंचीवर आहे की खाली? शेजारी कुणाचा आहे? लेबल आहे पण जागा रिकामी, असं कुठं दिसतं? प्रति औंस किंमत काय पडते? मला माझी पहिली नोकरी मिळाली ती अशाच एका रिकाम्या जागेवरच्या चर्चेतून. सीव्हीतल्या प्रोजेक्टबद्दल समोरच्यानं फारसं विचारलंच नाही.

लहान व्हेंडर ऑफिसं बऱ्याचदा एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, करत नाहीत. हे पहिल्याच फोनवर विचारा. एका कंपनीनं मला सगळ्या फेऱ्या करायला लावून शेवटी ‘आम्ही स्पॉन्सर करत नाही’ म्हणून सांगितलं होतं. कोर्स निवडतानाही तो स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत आहे का, हे आय-२० वर, म्हणजे विद्यापीठ व्हिसासाठी देतं त्या फॉर्मवर, तपासा. ओपीटीच्या, म्हणजे शिक्षणानंतर नोकरी करायच्या परवानगीच्या, १२ महिन्यांवर आणखी २४ महिने मिळणार की नाही, ते त्यावरच ठरतं. गाडीशिवाय बेंटनव्हिलला भागत नाही. फेएटव्हिलमध्ये मात्र विद्यापीठाची बस फुकट आहे.

आणि आता ते, जे कुणी सांगत नाही. इथला इतिहास जड आहे. १९५७ साली लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश नाकारण्यासाठी गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचे सैनिक, उभे केले. शेवटी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना देशाचं सैन्य पाठवावं लागलं. त्या मुलांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या डेझी बेट्स यांचा पुतळा २०२४ पासून वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे संसद भवनात, आहे. आपल्या विद्यापीठातही १९४८ मध्ये सायलस हंट यांना कायद्याच्या वर्गात प्रवेश मिळाला, पण शिकवलं तळघरात, गोऱ्यांपासून वेगळं. ज्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर आपले कितीतरी प्राध्यापक अमेरिकेत जाऊन आले, ती ज्यांच्या नावाची, ते सिनेटर फुलब्राइट याच विद्यापीठाचे अध्यक्ष होते. शाळांमधलं वर्णविभाजन मोडणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध दक्षिणेतल्या खासदारांनी १९५६ मध्ये जो जाहीरनामा काढला, त्यावर त्यांचीही सही आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही माहीत हव्यात. सहकाऱ्यांशी शाळा, वस्त्या, निवडणुका यांवर बोलणं निघतं, तेव्हा त्यामागं हे सगळं असतं.

स्प्रिंगडेलला गेलात तर पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांवरून आलेली माणसं भेटतील. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरची त्यांची सर्वांत मोठी वस्ती तिथंच आहे आणि पोल्ट्रीचं काम ते कित्येक वर्षं करत आलेत. दुकानात चिकनच्या ज्या पाकिटाचं मॉड्युलर तुम्ही बनवाल, त्यामागं त्यांचे हात असतात.

तुम्हाला मत देता येणार नाही, पण सभेला बसता येतं. या राज्याचा माहितीच्या अधिकाराचा कायदा १९६७ सालचा, गव्हर्नर विन्थ्रॉप रॉकफेलर यांच्या काळातला. आपल्याकडे देशाचा कायदा आला २००५ मध्ये. आर्कान्साच्या कायद्यामुळे सिटी कौन्सिल, स्कूल बोर्ड, काउंटीचं क्वोरम कोर्ट (नावात कोर्ट असलं तरी हे काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, निवडून आलेलं मंडळ) या सगळ्यांच्या बैठका लोकांना खुल्या असतात. नव्या अपार्टमेंटना कुठं परवानगी द्यायची, रस्ता कुठं रुंद करायचा हे तिथं ठरतं, आणि तुमचं भाडंही अखेर त्यावरच ठरतं. विधिमंडळाचं मोठं अधिवेशन विषम सालांत जानेवारीत भरतं, सम सालात फक्त अर्थसंकल्पाचं. सिटी कौन्सिलचा अजेंडा शहराच्या वेबसाइटवर आधी लागतो, त्यात आपल्या वस्तीचं नाव दिसलं की त्या संध्याकाळी जाऊन बसा.